पायातले काळे दाणे

मी जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यात आशा म्हणून काम करते. कुष्ठरोग शोध मोहीम लागली की दारोदार जाऊन लोकांच्या अंगावरचे चट्टे बघते, टीबीच्या पेशंटला समोर बसवून गोळ्या देते. माझ्या स्वतःच्या उजव्या तळपायात मात्र जवळपास पाच वर्षं बुरशी वाढत होती आणि त्या रोगाचं नाव मला फेब्रुवारी २०२४ मध्ये कळलं. मायसेटोमा. ऑगस्ट २०२५ मध्ये गोळ्या थांबल्या. मधल्या काळात रात्र रात्र मोबाईलवर शोधूनही मराठीत सविस्तर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून तारखांसकट सगळं लिहिते आहे. फाईल समोर घेऊन बसले आहे.

जून २०१९. पाऊस पडून गेला होता आणि आम्ही सरकी लावत होतो. आपल्या काळ्या रानात ओल असली की चपलेला किलो-किलो चिखल चिकटतो, म्हणून बाया चपला बांधावर काढून ठेवतात. मीही काढली होती. बाभळीचा काटा तळव्यात घुसला आणि आत मोडला. संध्याकाळी आत्याबाईंनी सुईने टोकरून जेवढा निघाला तेवढा काढला आणि बिब्बा तापवून चटका दिला. आठवडाभरात पाय बरा झाला. मी विसरूनही गेले.

पुढच्या वर्षी त्याच जागी, अंगठ्याच्या मागच्या फुगीर भागात, हरभऱ्याएवढी गाठ लागली. दाबलं तरी दुखत नव्हती. सगळा घोटाळा इथेच झाला. दुखलं असतं तर मी लगेच दाखवलं असतं. "कुरूप हाय ते, काय होत नाही त्यानं," असं घरीदारी सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. २०२१ संपेपर्यंत ती गाठ लिंबाएवढी झाली. चप्पल नीट बसेना.

मार्च २०२२ मध्ये एका खाजगी दवाखान्यात गाठ कापून काढली. भूल, ऑपरेशन, औषधं मिळून ७ हजार रुपये गेले. टाके घालून झाल्यावर ट्रेमध्ये ठेवलेली गाठ मला दिसली, आतून काळपट. ती कुठे गेली ते मला माहीत नाही. तपासायला पाठवली नाही एवढं नक्की, कारण रिपोर्ट कधी आलाच नाही. मीही विचारलं नाही. आज कोणीही अंगावरची गाठ काढायला निघालं की मी आधी एवढंच सांगते: काढलेला तुकडा बायोप्सीला जाणार आहे का, हे टेबलावर झोपायच्या आधी विचारा, आणि रिपोर्टचा कागद हातात घ्या. तेव्हा तो तुकडा तपासला गेला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती.

दिवाळीपर्यंत गाठ परत आली. या वेळी एक नव्हती. तळवा पुढून दगडासारखा कडक झाला, त्यावर दोन-तीन फोड आले, ते फुटून बारीक छिद्रं पडली आणि त्यातून पातळ पाणी झिरपू लागलं. एक छिद्र बुजलं की शेजारी दुसरं उघडायचं. २०२३ सालात मी अँटिबायोटिकचे पाच कोर्स केले. प्रत्येक वेळी चार दिवस पाणी कमी व्हायचं आणि पुन्हा सुरू. एका ठिकाणी टीबी असेल म्हणाले. पू तपासला, टीबी निघाला नाही. तरी "सहा महिने औषध घेऊन बघू" असा सल्ला मिळाला. मी नाही म्हटलं. टीबीचं औषध निदान झाल्यावर घ्यायचं असतं, हे मीच लोकांना सांगत फिरते. तोवर दवाखाने, ड्रेसिंग, जाणं-येणं यात २२ हजार रुपये गेले होते.

पैशांपेक्षा दुसरं जास्त लागलं. गावात बोलणं सुरू झालं की आशाताईलाच महारोग झालाय. एका घरात मला स्टीलच्या पेल्यात चहा आला, बाकी सगळ्यांना कपात. मी तो चहा प्यायले आणि घरी येऊन रडले. माझा पाय बधिर नव्हता, अंगावर चट्टा नव्हता, कुष्ठरोग नाही हे मला कळत होतं. आणि असता तरी तो औषधाने बरा होतो, पेला वेगळा करायची गरज नाही, हेही मला कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. पण मग हे काय आहे, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. धाकटी माझ्याजवळ झोपायला आली की मी पाय चादरीत गुंडाळून घ्यायचे.

संक्रांतीच्या आदल्या रात्री ड्रेसिंग सोडलं. रोज मी आधी पाय डेटॉलच्या पाण्यात बुडवायचे आणि मग पट्टी टाकून द्यायचे. त्या दिवशी लाईट गेली होती म्हणून पट्टी मोबाईलच्या उजेडात सोडली आणि जवळून बघितली. पांढऱ्या गॉजवर सहा-सात काळे दाणे होते. खसखशीपेक्षा थोडे मोठे, काळ्या तिळाच्या अर्ध्याएवढे. आधी वाटलं माती आहे. नखाने दाबलं तर मातीसारखा विरघळेना. जरा जोर दिल्यावर कट्ट करून फुटला. एवढे दिवस मी हे दाणे रोज धुऊन मोरीत सोडत होते.

दुसऱ्या दिवशी सणाची सुट्टी, म्हणून त्यानंतर आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. नवे डॉक्टर आले होते, वयाने लहान. त्यांनी पाय उजेडात धरून बघितला, दाण्यांची पुडी बघितली आणि म्हणाले, "ताई, आता हे धुऊ नका. जमवा." पद्धत त्यांनीच सांगितली. रात्री झोपताना छिद्रांवर निर्जंतुक कोरडं गॉज ठेवून पट्टी बांधायची, मलम काहीही लावायचं नाही. सकाळी गॉजला चिकटलेले दाणे सलाईनच्या पाण्यात, स्वच्छ झाकणाच्या बाटलीत टाकायचे. त्यांनी संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत त्यांनी 'मायसेटोमा?' असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं होतं. तो शब्द मी एसटीत बसल्यावर वाचला.

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. पहाटेची एसटी, मंठ्याहून जालना, तिथून संभाजीनगर. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा अठरा महिने फार आधार झाला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या तयारीने जावं. केसपेपर, मग ओपीडी, मग तपासण्यांच्या चिठ्ठ्या यात दुपार होते, आणि रक्ताचा नमुना बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा लागतो. आधीचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. माझ्याकडे मार्च २०२२ च्या ऑपरेशनचं फक्त बिल होतं, तेही कामाला आलं.

त्वचारोग विभागातल्या डॉक्टर मॅडमनी बाटलीतला एक दाणा काचेच्या पट्टीवर घेतला, केओएच नावाच्या द्रावणाचे थेंब टाकले, थोडी ऊब दिली आणि वर दुसरी काच दाबली. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "या, बघा तुम्हीपण." मायक्रोस्कोपला डोळा लावला. तपकिरी धागे, एकात एक गुंतलेले, उपटलेल्या हराळीच्या मुळांसारखे. धाग्यांना मधे मधे पेरं होती. पाच वर्षं जे माझ्या पायात होतं ते मी पहिल्यांदा बघत होते. भीती वाटायला हवी होती, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता ते कोणाला तरी दिसलं होतं.

मॅडमनी समजावलेलं माझ्या शब्दांत लिहिते. मायसेटोमा दोन जातींचा असतो. एक बुरशीमुळे होतो, दुसरा बुरशीसारखे धागे करणाऱ्या जंतूंमुळे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: न दुखणारी सूज, छिद्रं, दाणे. औषधं मात्र अगदी वेगळी. दाणा काळा असेल तर बहुधा बुरशी. लाल असेल तर जंतू. पांढरा किंवा पिवळट असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून अंदाजाने औषध सुरू करायचं नाही. माझ्याबरोबर बाकावर परतूरकडच्या एक मावशी बसायच्या, त्यांचे दाणे पिवळट होते आणि तपासणीत जंतू निघाले. त्यांना अमिकासिनची इंजेक्शनं आणि को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या चालू होत्या, इंजेक्शनमुळे किडनीची आणि कानाची तपासणी व्हायची. त्यांचा पाय माझ्यापेक्षा खूप लवकर सुकला. मला त्यांचं औषध दिलं असतं तर काही उपयोग नव्हता आणि त्यांना माझं दिलं असतं तरी नव्हता.

हा रोग मातीतून, काटा-खडा घुसलेल्या जखमेतून आत येतो. एकाकडून दुसऱ्याला होत नाही. हे मी मॅडमना दोनदा विचारलं. त्या रात्री नणंदेच्या घरी मुक्काम होता. फोन करून धाकटीला सांगितलं, उद्या आल्यावर माझ्याजवळच झोप.

८ फेब्रुवारीला बायोप्सी झाली. जागेवर भूल देऊन खोलवरचा तुकडा घेतात. वरवरच्या कातडीत काही सापडत नाही. तुकड्याचे दोन भाग झाले, दोन बाटल्यांत. एक फॉर्मॅलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा साध्या सलाईनमध्ये, कल्चरसाठी म्हणजे बुरशी वाढवून ओळखण्यासाठी, मायक्रोबायोलॉजीत. फॉर्मॅलिनने बुरशी मरते, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. बाटल्या नातेवाइकांच्या हाती पोचवायची वेळ आली तर कोणती कुठे जाते ते बाटलीवर लिहून घ्या. मी आमच्या ह्यांच्या तळहातावर पेनने लिहून दिलं होतं.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बारा दिवसांनी आला: बुरशीचे काळे दाणे, विशेष रंग देऊन केलेल्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. कल्चरला पाच आठवडे लागले. ही बुरशी सावकाश वाढते, त्यामुळे चौकशीला रोज फोन करून उपयोग नसतो. त्यात नाव आलं, मदुरेला मायसेटोमॅटिस. मधल्या काळात एक्स-रे झाला आणि एमआरआय मी बाहेर केला, ४,५०० रुपये. एमआरआयच्या फिल्मवर गोल गोल कप्पे आणि प्रत्येकाच्या मधोमध एक काळा ठिपका दिसत होता. तो ठिपका म्हणजे दाणा. हाड शाबूत होतं. सगळ्यात मोठी बातमी हीच होती.

हाडाची धास्ती मी मोबाईलमुळे घेतली होती. नाव कळलं त्या रात्रीच शोधलं आणि सुदानमधल्या पेशंटचे फोटो बघत बसले. तिथे हा रोग फार आहे, खार्टूममध्ये त्याच्यासाठी वेगळं संशोधन केंद्र १९९१ मध्ये उभं राहिलं. कापलेले पाय बघून झोप उडाली. पण त्याच शोधात हेही वाचलं की या रोगाचं जुनं नाव 'मदुरा फूट', आपल्या तामिळनाडूतल्या मदुराईवरून पडलेलं. १८४२ मध्ये तिथे त्याचं वर्णन झालं. बुरशीमुळे होतो हे दाखवून 'मायसेटोमा' हे नाव दिलं ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री कार्टर या डॉक्टरांनी, १८६० च्या सुमारास. म्हणजे दीडशे वर्षांहून जुनी ओळख, तीही आपल्याच राज्यातली, आणि आमच्या तालुक्यात त्याला कुरूप म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतलं. दुर्लक्षित या शब्दाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२२ फेब्रुवारी २०२४ ला इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं, २०० मिलीग्राम सकाळ-संध्याकाळ. त्याआधी लिव्हर, किडनी, रक्त, ईसीजी आणि गरोदरपणाची तपासणी झाली. हृदय कमजोर असणाऱ्यांना हे औषध चालत नाही. औषध चालू असताना आणि थांबल्यावर दोन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत, हे बायांनी नीट ऐकून घ्यावं, लाजू नये. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवाव्यात, काही गोळ्यांबरोबर हिचं जमत नाही. मी वर्षानुवर्षं सकाळी पित्ताची गोळी घ्यायचे. मॅडमनी ती पहिल्या दिवशी बंद केली. या कॅप्सूलला पोटातलं आम्ल लागतं, पित्ताच्या गोळीने ते कमी झालं की औषध अंगात शिरतच नाही. आणि कॅप्सूल उपाशीपोटी नाही, भरल्या पोटी. मी ताटातली भाकरी अर्धी झाली की घ्यायचे. कंपनीही सारखी बदलू नका म्हणाल्या, म्हणून मेडिकलवाल्या दादांना तीच आणून ठेवायला सांगितली.

काही महिने औषध रुग्णालयातून मिळालं, काही महिने बाहेरून घ्यावं लागलं, तेव्हा महिन्याला साधारण दीड हजार. जनआरोग्य योजना भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या गोळ्या त्यात येत नाहीत. आधी कळलं असतं तर कापसाच्या पैशातून बाजूला काढून ठेवले असते.

पहिले दोन महिने काहीच फरक दिसेना. मळमळ व्हायची, तोंडाला चव नव्हती. एप्रिलच्या उन्हात एसटीतून परत येताना मी ह्यांना म्हणाले, मला पाय नको, कापून टाका. ते काहीच बोलले नाहीत, पाण्याची बाटली पुढे केली. मे महिन्यात एक छिद्र बुजलं आणि शेजारी दुसरं उघडलं नाही. मी पंधरा दिवस कोणाला सांगितलं नाही. जूनच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले, डोस निम्मा केला, पाच आठवड्यांनी पुन्हा पूर्ववत. दर महिन्याला रक्त तपासायला सांगतात ते यासाठी. पाय सुकायला लागला म्हणून ती तपासणी चुकवू नका.

ऑपरेशन आधीच का केलं नाही, असं मला बरेच जण विचारतात. काही महिने औषध दिल्यावर रोग आकसतो आणि त्याच्याभोवती जाड आवरण तयार होतं. मग तो आख्खा, भोवतीच्या थोड्या निरोगी मांसासह काढता येतो. २०२२ मध्ये माझी गाठ औषधाशिवाय कापली गेली होती. तेव्हा जे आत राहिलं तेच पसरलं असणार, असं मॅडम म्हणाल्या.

जनआरोग्य योजनेच्या कागदांसाठी आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या रुग्णालयातल्या माणसाकडे, गेले तेव्हा कळलं की रेशनकार्डावर माझ्या नावात एक वेलांटी चुकली आहे, आधारशी जुळत नाही. दुरुस्तीला अकरा दिवस आणि तहसीलच्या तीन चकरा लागल्या. दवाखान्याचं काम निघायच्या आधीच रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. आता गावात नवीन गरोदर बाईची नोंद करताना मी दोन्ही कार्डं मागून हेच करते.

२४ सप्टेंबर २०२४ ला ऑपरेशन झालं. कमरेत भूल होती, त्यामुळे आवाज ऐकू येत होते. जागा मोठी होती म्हणून मांडीची कातडी काढून तळव्याला लावली. पायापेक्षा मांडीच जास्त दुखते, हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. अकरा दिवस भरती, पुढे सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. आमचं बरंचसं मानधन कामावर आहे, काम नाही तर पैसे नाहीत. शेजारच्या गावच्या आशाताईंनी माझ्या गृहभेटी केल्या. वेचणीचे दिवस होते. आत्याबाई सत्तरीच्या आहेत, तरी पाठीला ओटी बांधून रानात गेल्या. संध्याकाळी येऊन माझ्या पायाखाली उशी सरकवायच्या. "म्या बिब्बा लावला म्हणून तर नाही झालं ना गं माय?" एकदा त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही आत्याबाई, ते मातीतून आलं, काट्याबरोबर.

काढलेला तुकडा या वेळी तपासायला गेला. कडा स्वच्छ आल्या. तरी गोळ्या पुढे अकरा महिने चालल्या, कारण हा रोग परत येण्यासाठी प्रसिद्ध आहे. १९ ऑगस्ट २०२५ ला सोनोग्राफी साफ आली आणि गोळ्या थांबल्या. निदानानंतरचा माझा खर्च प्रवास, जेवण, एमआरआय आणि गोळ्या धरून साधारण ३८ हजार झाला. पुढची तपासणी फेब्रुवारीत, नंतर दर सहा महिन्यांनी.

पाय पूर्वीसारखा नाही. लावलेल्या कातडीला भेगा पडतात, रात्री खोबरेल लावावं लागतं, अंगठा पूर्ण वाकत नाही. खुरपायला बसताना वजन डाव्या पायावर घेते. रानात आता रबरी बूट घालते. चिखल चिकटतो तो चिकटतोच. बांधावर एक लोखंडी पट्टी रोवून ठेवली आहे, दोन तासांनी तिच्यावर बूट घासायचा. शेजारणी बघतात. त्यातल्या दोघींनी बूट घेतले, एकीने परत काढून ठेवले, पाय भिजतात म्हणाली. तिचंही खरं आहे.

यंदा सरकी लावताना आत्याबाईंच्या टाचेत काटा गेला. साबणाने पाय धुतला, सुई उकळून घेतली, काटा आख्खा निघाला, बिब्बा लावला नाही. १९ जून. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आहे, आणि दर महिन्याच्या त्या तारखेला मी त्यांची टाच मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबून बघते.